'हेम्प'च्या नावाखाली नशेचा माल : अमेरिकेतील राज्यांचे कायदे आणि ग्राहकांनी घ्यावयाची खबरदारी

अमेरिकेतील पेट्रोल पंपांवरील दुकाने, किराणा दुकाने आणि सिगारेट-तंबाखूची दुकाने यांच्या काउंटरवर गेल्या काही वर्षांत एका नव्या मालाने जागा पटकावली आहे. 'गमी' नावाच्या चघळायच्या रंगीत गोळ्या, चॉकलेट, बिस्किटे, डब्यातील थंड पेये, ओढावयाच्या नळ्या आणि वाळलेली फुले असे त्याचे नाना प्रकार आहेत. पाकिटावर 'हेम्पपासून बनविलेले', 'डेल्टा-8', 'टीएचसी' असे शब्द असतात आणि बहुतेक पाकिटांवर 'केंद्रीय कायद्याप्रमाणे कायदेशीर' असे ठळकपणे छापलेले असते. शिक्षण, नोकरी व व्यापारानिमित्त तिकडे गेलेल्या आपल्या लोकांपैकी काहीजण हा माल कुतूहलाने विकत घेतात. काहीजण अशा दुकानांचे मालक, भागीदार किंवा काउंटरवरील नोकर असतात. सुट्टीत मायदेशी येताना एखादे पाकीट बॅगेत टाकणारेही आढळतात.

हा माल खरोखर कायदेशीर आहे काय, असल्यास कोणत्या राज्यात, आणि कायदेशीर असला तरी मुसलमान ग्राहकाने व दुकानदाराने त्याकडे कसे पाहावे, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

हेम्प म्हणजे नेमके काय?

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. आपल्याकडील जुन्या व्यापारी बोलीत 'हेम्प' हा शब्द दोरखंडाच्या धाग्यासाठी वापरला जाई. अंबाडीला 'डेक्कन हेम्प' आणि तागाच्या जातीच्या सण या पिकाला 'सन हेम्प' म्हणत. ही दोन्ही रोपे निराळी असून त्यांत नशेचा अंशही नाही. अंबाडीची भाजी तर आपल्या घराघरांत होते. अमेरिकन कायद्यातील हेम्प म्हणजे मात्र भांग-गांजाचेच रोप होय. एकाच रोपाच्या काही जातींत नशा आणणारे द्रव्य कमी असते, काहींत भरपूर असते. या द्रव्याचे नाव टीएचसी. त्याच रोपात सीबीडी नावाचे दुसरे द्रव्य असते, त्याने नशा येत नाही. सीबीडीपासून बनविलेल्या एका औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून 2018 मध्ये फेफऱ्याच्या काही दुर्धर प्रकारांसाठी मान्यता दिली आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. त्याचा आणि पेट्रोल पंपावरील गोळ्यांचा काही संबंध नाही.

2018 चा कायदा आणि त्यातील पळवाट

20 डिसेंबर 2018 रोजी अमेरिकेत नवा शेती कायदा मंजूर झाला. केंटकी राज्याचे सिनेटर मिच मॅककॉनेल यांनी हेम्पच्या बाजूने त्यात पुढाकार घेतला होता. तंबाखूचे पीक मागे पडत चाललेल्या शेतकऱ्यांना धागा, बी व तेल देणारे दुसरे पीक मिळावे, हा हेतू होता. कायद्याने व्याख्या केली ती अशी की, ज्या रोपात डेल्टा-9 टीएचसीचे प्रमाण वाळलेल्या वजनाच्या 0.3 टक्क्यांहून अधिक नाही ते हेम्प. असे हेम्प आणि त्यापासून निघणारे सर्व अर्क व द्रव्ये गांजाच्या कायद्यातून वगळण्यात आली.

ही व्याख्या शेतातील रोपासाठी ठीक होती. दुकानातील मालाला ती लावताच तिच्यातील भोके उघडी पडली. अशा तीन पळवाटा आम्ही येथे सांगतो.

पहिली पळवाट वजनाची. चार ग्रॅम वजनाच्या एका गोळीचे 0.3 टक्के म्हणजे 12 मिलिग्रॅम टीएचसी होते. 355 मिलिलिटरच्या पेयाच्या डब्यात तर या हिशेबाने हजार मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी घालता येईल. नवख्या माणसाला नशा येण्यास पाच मिलिग्रॅमही पुरे होते. म्हणजे माल जितका जड तितकी नशेची मुभा जास्त, असा विचित्र हिशेब तयार झाला.

दुसरी पळवाट रसायनाची. कायद्यात फक्त डेल्टा-9 चे नाव होते. 2019 नंतर सीबीडीचे उत्पादन मागणीपेक्षा फार वाढले आणि भाव कोसळले. तेव्हा साठलेल्या सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून डेल्टा-8 टीएचसी बनविण्याचा धंदा सुरू झाला. हे द्रव्य रोपात नाममात्र असते; बाजारात मिळणारे जवळजवळ सर्व कारखान्यात बनलेले असते. नशा मात्र येतेच. मे 2022 मध्ये नवव्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, 2018 च्या कायद्याचे शब्द पाहता डेल्टा-8 हेम्पच्या व्याख्येत बसते, असा निर्णय दिल्यावर या धंद्याला जोर चढला.

तिसरी पळवाट फुलांची. गांजाच्या ताज्या फुलात टीएचसी 'टीएचसीए' या रूपात असते. जाळल्यावर त्याचे टीएचसी होते. समजा एका फुलात डेल्टा-9 केवळ 0.2 टक्के आणि टीएचसीए 20 टक्के आहे. कागदावर ते हेम्प ठरते. पण प्रयोगशाळेच्या नेहमीच्या सूत्राप्रमाणे टीएचसीएला 0.877 ने गुणून डेल्टा-9 मध्ये मिळविले तर एकूण टीएचसी 17.74 टक्के येते. याला साध्या मराठीत गांजाच म्हणतात.

राज्याराज्यांत निराळा न्याय

केंद्रीय कायद्याने हेम्पला सूट दिली तरी राज्यांना स्वतःचे अधिक कडक नियम करण्याचा अधिकार राहिला. त्यामुळे आज अमेरिकेत एकच पाकीट एका राज्यात खुलेआम विकता येते आणि सीमा ओलांडताच गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते. राज्यांचे ढोबळमानाने तीन गट करता येतात.

पहिला गट मोजमाप ठरवून परवानगी देणाऱ्यांचा. मिनेसोटाने 1 जुलै 2022 पासून 21 वर्षांवरील ग्राहकांसाठी एका मात्रेत 5 मिलिग्रॅम आणि एका पाकिटात 50 मिलिग्रॅम अशी मर्यादा घालून खाद्यपदार्थांना परवानगी दिली. अलाबामाने 2025 मध्ये कायदा करून एका मात्रेस 10 मिलिग्रॅम व पाकिटास 40 मिलिग्रॅमची मर्यादा घातली, विक्री दारूबंदी खात्यासारख्या मंडळाच्या परवान्याखाली आणली आणि ओढावयाच्या हेम्पवर पूर्ण बंदी घातली. जॉर्जियाने ऑक्टोबर 2024 पासून 21 वर्षांखालील व्यक्तींना विक्री बंद केली.

दुसरा गट मर्यादा इतकी खाली आणणाऱ्यांचा की नशेचा माल आपोआप बाद व्हावा. व्हर्जिनियाने जुलै 2023 पासून एका पाकिटात एकूण 2 मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घातली. त्याहून अधिक असल्यास सीबीडीचे प्रमाण टीएचसीच्या किमान 25 पट हवे. न्यूयॉर्कच्या नियमांत मात्रेस 1 मिलिग्रॅम व पाकिटास 10 मिलिग्रॅम इतकीच मुभा ठेवण्यात आली आणि कारखान्यात रूपांतरित केलेल्या द्रव्यांना मनाई झाली.

तिसरा गट बंदी घालणाऱ्यांचा किंवा हा माल सामान्य दुकानांतून काढून परवानाधारक गांजा दुकानांत ढकलणाऱ्यांचा. आयडाहोत हेम्पच्या मालात टीएचसीचा अंशही चालत नाही. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर 2024 मध्ये तातडीचे नियम करून हेम्पच्या खाद्यपेयांत तपासणीत सापडेल इतकेही टीएचसी असू नये असे ठरविले. आर्कान्सॉने 2023 मध्ये बंदी घातली. न्यायालयाने ती प्रथम रोखून धरली, पण जून 2025 मध्ये अपील न्यायालयाने राज्याच्या बाजूने निर्णय दिला. टेनेसीने 2025 मध्ये केलेल्या कायद्याने 1 जानेवारी 2026 पासून टीएचसीए फुले व कृत्रिम द्रव्ये बाद ठरविली आणि घरपोच ऑनलाइन विक्रीही बंद केली. ओहायोच्या गव्हर्नरांनी डिसेंबर 2025 मध्ये अशाच कडक कायद्यावर सही केली.

टेक्सासची कथा दुकानदारांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ह्यूस्टन, डॅलस या भागांत आपल्या उपखंडातील मुसलमानांची मोठी वस्ती आहे आणि पेट्रोल पंप व किरकोळ दुकानांच्या धंद्यात ते बरेच आहेत. तेथील विधिमंडळाने 2025 मध्ये नशेच्या हेम्प मालावर सरसकट बंदीचा कायदा केला. 22 जून 2025 रोजी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. त्यानंतरच्या खास अधिवेशनांतही एकमत झाले नाही. अखेर सप्टेंबर 2025 मध्ये गव्हर्नरांनी आदेश काढून 21 वर्षांखालील विक्री रोखण्यास सांगितले. दरम्यान ओढावयाच्या नळ्यांवर 1 सप्टेंबर 2025 पासून निराळ्या कायद्याने बंदी आलीच होती. म्हणजे एका उन्हाळ्यात दुकानदाराने तीन वेळा आपला फळा पुसून पुन्हा लिहावा, अशी स्थिती झाली. ज्याने जून महिन्यात उधारीवर माल भरून ठेवला असेल त्याची झोप उडाली असल्यास नवल नाही.

आता उदाहरण घेऊ. दहा गोळ्यांचे एक पाकीट आहे, प्रत्येक गोळीत 5 मिलिग्रॅम टीएचसी, एकूण 50 मिलिग्रॅम. मिनेसोटाच्या मर्यादेत ते अगदी बसते. अलाबामात ते पाकिटाच्या मर्यादेबाहेर जाते. न्यूयॉर्कच्या मर्यादेच्या ते पाचपट आहे, व्हर्जिनियाच्या पंचवीसपट, आणि कॅलिफोर्निया व आयडाहोत त्याला थाराच नाही. पाकिटावर मात्र सगळीकडे 'कायदेशीर' हाच शब्द छापलेला!

नोव्हेंबर 2025 : केंद्राने दार बंद केले

राज्यांच्या या गोंधळावर अखेर केंद्रातच निर्णय झाला. 12 नोव्हेंबर 2025 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या खर्चविषयक कायद्यात हेम्पची व्याख्याच बदलण्यात आली. विशेष म्हणजे 2018 मध्ये हेम्पला दार उघडून देणारे मॅककॉनेल हेच या वेळी ते बंद करण्यात आघाडीवर होते. आपण शेतकऱ्यांसाठी केलेल्या कायद्याचा नशेच्या व्यापाऱ्यांनी गैरफायदा घेतला, अशी त्यांची तक्रार होती.

नव्या व्याख्येत तीन मुख्य गोष्टी आहेत. एक, आता केवळ डेल्टा-9 नव्हे तर टीएचसीए धरून एकूण टीएचसी 0.3 टक्क्यांच्या आत असले पाहिजे. दोन, रोपाबाहेर कारखान्यात तयार किंवा रूपांतरित केलेली द्रव्ये, म्हणजे बाजारातील डेल्टा-8 सारखा माल, हेम्प मानला जाणार नाही. तीन, ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या एका डब्यात वा पाकिटात एकूण टीएचसी 0.4 मिलिग्रॅमहून अधिक नको. वरील उदाहरणातील 50 मिलिग्रॅमचे पाकीट या मर्यादेच्या 125 पट भरते. अंमलबजावणीसाठी कायद्यात सहीपासून एक वर्षाची, म्हणजे नोव्हेंबर 2026 पर्यंतची मुदत ठेवण्यात आली. ही मुदत वाढवावी म्हणून धंद्यातील मंडळींनी खटपट चालविली. पण धंद्याचा हिशेब खटपटीवर नव्हे तर लिहिलेल्या कायद्यावर करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. धागा, बी, तेल यांसाठी हेम्पची शेती या कायद्यानेही मोकळीच आहे.

ग्राहकांनी काय जाणून घ्यावे?

1. 'हेम्प' म्हणजे बिननशेचे, हा समज सोडून द्यावा. पाकिटावर टीएचसी, डेल्टा-8, डेल्टा-10, एचएचसी, टीएचसीए यांपैकी कोणतेही अक्षर दिसले तर तो नशेचा माल समजावा.

2. खाल्लेल्या टीएचसीचा अंमल ओढलेल्यापेक्षा उशिरा चढतो. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काही जाणवत नाही. त्यामुळे 'काहीच झाले नाही' असे समजून लोक दुसरी, तिसरी गोळी खातात आणि मग छातीत धडधड, भीती, उलट्या, भ्रम यांनी हैराण होतात. अशा अवस्थेत वाहन चालविणे हा गुन्हा तर आहेच, पण इतरांच्या जिवाशी खेळही आहे.

3. लहान मुलांना धोका सर्वांत मोठा. गोळ्या दिसावयास मिठाईसारख्या असतात. काही कंपन्यांनी तर मुलांच्या आवडत्या चिप्स व चॉकलेटच्या पाकिटांची हुबेहूब नक्कल केली. त्याबद्दल अन्न व औषध प्रशासन आणि केंद्रीय व्यापार आयोग यांनी जुलै 2023 मध्ये त्यांना नोटिसा धाडल्या. प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार 1 जानेवारी 2021 ते 28 फेब्रुवारी 2022 या चौदा महिन्यांत विषबाधा केंद्रांकडे डेल्टा-8 ची 2,362 प्रकरणे आली. त्यांतील 41 टक्के 18 वर्षांखालील मुलांची होती. मुलाने अशी गोळी खाल्ल्याचा संशय आला आणि त्याला अतिशय झोप येऊ लागली, श्वास मंद झाला, तर लाज वा भीती न बाळगता ताबडतोब इस्पितळ गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना खरे सांगावे. अमेरिकेत विषबाधा केंद्राचा मोफत क्रमांक 1-800-222-1222 हा आहे.

4. पाकिटावरील आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. सीबीडीचे डेल्टा-8 करताना वापरलेली रसायने मालात उरू शकतात, असा इशारा याच प्रशासनाने दिला आहे. ज्या राज्यांत हा माल परवान्याखाली आहे तेथे प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळा दाखला असतो. त्यावर खेपेचा क्रमांक, तपासणीची तारीख, एकूण टीएचसी आणि अपद्रव्यांची तपासणी या चार गोष्टी नसतील तर तो दाखला नुसता कागद समजावा.

5. नोकरीच्या ठिकाणची लघवीची तपासणी 'हेम्प' आणि 'गांजा' असा भेद करीत नाही. शरीरात टीएचसी फुटून जे द्रव्य उरते तेच ती शोधते. ट्रक, बस वगैरे चालविणाऱ्यांबाबत अमेरिकेच्या परिवहन खात्याने फेब्रुवारी 2020 मध्येच कळविले की, 'मी फक्त सीबीडीचा माल घेतला होता' ही सबब मान्य होणार नाही. परवाना गेला म्हणजे रोजी गेली.

6. मालातील जिलेटिन हाही प्रश्न आहेच. बहुतेक साध्या गमी गोळ्यांत जिलेटिन असते व ते बऱ्याचदा डुकरापासूनचे असते. पण नशेच्या गोळीत जिलेटिनऐवजी वनस्पतीजन्य पदार्थ असला म्हणून ती हलाल होत नाही, हे सांगणे न लगे. तिच्या पाकिटावर 'हलाल' छापले असले तरी नाही.

परदेशी नागरिकांसाठी निराळा धोका

आपल्या लोकांचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होऊ शकते. अमेरिकेत राहण्याचा परवाना, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हे विषय केंद्रीय कायद्याखाली येतात. राज्याने परवानगी दिलेली वस्तूसुद्धा केंद्रीय कायद्याने मादक पदार्थ असेल तर परदेशी नागरिकाला राज्याचा कायदा वाचवू शकत नाही. मादक पदार्थाच्या गुन्ह्यातील शिक्षा ही देशाबाहेर घालविण्यास कारण ठरते. 30 ग्रॅमपर्यंत गांजा स्वतःसाठी बाळगल्याच्या एका प्रसंगापुरती त्यातून सूट आहे; विक्रीला ती नाही. काही बाबतींत शिक्षा झालेली नसतानाही, अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरेशी ठरते. एप्रिल 2019 मध्ये नागरिकत्व खात्याने स्पष्ट केले की, राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाच्या धंद्यातील सहभागही नागरिकत्वासाठी लागणाऱ्या 'सद्वर्तना'च्या आड येऊ शकतो.

नव्या व्याख्येची मुदत संपताच आजचा 'हेम्प' माल केंद्राच्या नजरेत गांजा ठरतो. म्हणजे काउंटरवर उभा राहून तो विकणारा विद्यार्थी किंवा व्हिसावरील नोकर चार डॉलरच्या नफ्यासाठी, तोही मालकाच्या, आपले सारे भवितव्य पणाला लावीत आहे. अशा नोकराने मालकाला अदबीने पण स्पष्ट सांगावे की हा माल मी हाताळणार नाही. आणि प्रकरण उपस्थित झालेच तर वकिलाला विचारल्याशिवाय कोठेही सही वा कबुली देऊ नये.

दुकानदारांस

घाऊक विक्रेता सांगतो, 'सगळे विकतात, तुम्हीही विका.' पण धाड पडते ती किरकोळ दुकानावर. फेब्रुवारी 2018 मध्ये टेनेसीतील रदरफोर्ड काउंटीत पोलिसांनी एकाच दिवशी 23 दुकानांना टाळे ठोकले. कारण काय, तर सीबीडीच्या गोळ्या. त्यांतील अनेक दुकानदार परदेशी मूळ असलेले, अल्पसंख्य समाजातले होते. गोळ्यांतील द्रव्य हेम्पचे की गांजाचे हे प्रयोगशाळेला सांगता येईना, म्हणून आरोप मागे घेतले गेले व पुढे दुकानदारांना भरपाईही मिळाली. परंतु दुकाने बंद पडली, वर्तमानपत्रांत नावे झळकली, गिऱ्हाईक तुटले, त्याची भरपाई कोणी करीत नाही. ही स्थिती तुलनेने निरुपद्रवी सीबीडीच्या बाबतीत झाली. मग टीएचसीच्या बाबतीत काय होईल?

दारू, तंबाखू किंवा लॉटरीचा परवाना असलेल्या दुकानात नियमबाह्य माल सापडला तर तो परवानाही धोक्यात येतो. टेक्सासमध्ये 2025 मध्ये दारू परवाना खात्याने वयाच्या नियमासाठी हाच चाप लावला. म्हणून ज्यांच्याकडे असा माल पडून आहे त्यांनी नवी खरेदी थांबवावी, घाऊक विक्रेत्याशी माल परत घेण्याची लेखी बोली करावी, जुनी बिले जपून ठेवावीत आणि आपल्या राज्याच्या खात्याकडून ताजा नियम लेखी मागवावा. राज्याच्या नियमाखेरीज शहराचा व काउंटीचा नियमही निराळा असू शकतो.

मायदेशी येताना

भारतात अमेरिकेतील 0.3 टक्क्यांचा हिशेब चालत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे रोपाची फुलोऱ्याची टोके, चरस म्हणजे राळ; शिवाय या दोहोंचे कोणतेही मिश्रण व त्यापासूनचे पेयही त्यात येते. टीएचसीचे नाव याच कायद्याच्या परिशिष्टात निराळे आहे. नुसती पाने या व्याख्येबाहेर राहिल्यामुळे भांगेवर राज्यांचे नियम चालतात. पण त्या सवलतीत अमेरिकन गोळी बसत नाही. उत्तराखंडात 2018 पासून परवान्याने औद्योगिक हेम्पची लागवड होते, आणि 2021 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचे बी, त्याचे तेल व पीठ अन्न म्हणून मान्य केले. तेही टीएचसीची अगदी अल्प मर्यादा घालून. एवढ्यावरून 'आता भारतातही चालते' असा निष्कर्ष कोणी काढू नये.

यात दोन गोष्टी भयंकर आहेत. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात असा निर्णय दिला की, मिश्रणात शुद्ध द्रव्य किती हे न पाहता मिश्रणाचे एकूण वजन धरावे. म्हणजे गोळीतील साखरही वजनात येण्याचा धोका. दुसरे असे की, या कायद्यात आरोपीला ठाऊक होते असेच न्यायालय गृहीत धरून चालते. ठाऊक नव्हते हे आरोपीने सिद्ध करावयाचे असते. मुंबई विमानतळावर 2024 व 2025 मध्ये बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून गांजा पकडल्याच्या बातम्या वारंवार आल्या, हे वाचकांना आठवत असेलच. तपासणी आता किती बारीक होते ते यावरून कळावे. दुबई, दोहा, जेद्दा मार्गे येणाऱ्यांनी तर हे अधिकच ध्यानात ठेवावे. आखाती देशांतील मादक पदार्थांचे कायदे अतिशय कडक आहेत. दुसऱ्याने 'चॉकलेट आहे, घरी द्या' म्हणून दिलेले पाकीट उघडून, वाचून मगच घ्यावे. भिडेपोटी घेऊ नये.

हलाल कमाईचा प्रश्न

काहीजण विचारतात की ही दारू नाही, मग मनाई कशी? याचे उत्तर उलमांनी सहाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. भांग-चरसाचा प्रसार मुस्लिम देशांत झाला तेव्हा त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले. इब्ने तैमिया यांनी तिला हराम ठरविले, आणि शाफई पंथाचे इमाम झरकशी यांनी चौदाव्या शतकात केवळ हशीशच्या मनाईवर एक पुस्तिका लिहिली. आपले कोकणी मुसलमान बहुतांशी शाफईच आहेत. नशेचे नाव बदलल्याने हुकूम बदलत नाही; आणि ज्याच्या अधिक प्रमाणाने नशा येते त्याचे थोडे प्रमाणही वर्ज्य, हे शरीअतचे तत्त्व सर्वांना माहीत आहे. मिलिग्रॅमचा हिशेब सरकारसाठी आहे, मोमिनासाठी नव्हे. जे पिणे मना आहे ते विकणे, वाहून नेणे व त्याची किंमत खाणेही मना आहे. औषधोपचाराचा प्रश्न निराळा. त्यासाठी डॉक्टर व आलिम या दोघांचाही सल्ला घ्यावा.

हेम्पचा धागा, दोर, कापड, बी आणि तेल यांचा व्यापार मात्र खुला व हलाल आहे. ज्यांना या पिकात पैसा गुंतवावयाचा आहे त्यांनी तिकडे वळावे. सीमेपलीकडे जाताच गुन्हा ठरणारा, मुलांना इस्पितळात पोचविणारा आणि रहिवासाचा परवाना धोक्यात आणणारा माल आपल्या काउंटरवर ठेवण्यात धंद्याची हुशारी नाही. पेट्रोल, दूध, पाव, चहा-कॉफी विकूनही दुकाने चालतात, आणि अशा कमाईत रात्री झोप लागते. आमच्या वाचकांनी हा लेख तिकडे असलेल्या आपल्या मुलांना, भावांना आणि जावयांना जरूर वाचावयास द्यावा.